वाढीव वॉरंटी : सुरक्षिततेची किंमत की शोरूमचा नफा?

नवी गाडी घेताना किमतीच्या कागदावर शेवटी एक ओळ असते, ती 'एक्स्टेंडेड वॉरंटी'ची. दहा-पंधरा हजारांची ही रक्कम लाखोंच्या व्यवहारात किरकोळ वाटते आणि बहुतेक जण फारसा विचार न करता 'हो' किंवा 'नको' म्हणून मोकळे होतात. जळगाव-धुळ्याच्या उन्हात, धुळीत आणि लांबच्या रस्त्यांवर गाडी चालवणाऱ्या ग्राहकाने हा निर्णय कोणत्या हिशेबाने घ्यावा, याचा हा ऊहापोह.

दसरा, पाडवा किंवा खान्देशच्या जिव्हाळ्याची आखाजी, यांपैकी एखाद्या मुहूर्तावर जळगाव किंवा धुळ्यातील शोरूममध्ये गेले, की चित्र साधारण सारखेच दिसते. एका बाजूला हार घातलेल्या गाड्या, नारळ आणि पेढ्यांचे पुडे, दुसऱ्या बाजूला काचेच्या केबिनमध्ये चाललेला हिशेब. शोरूमची किंमत, रस्ता कर, नोंदणी, विमा, फास्टॅग, सीट कव्हर, मॅट आणि सर्वांत शेवटी वाढीव वॉरंटी. कुटुंब बाहेर खोळंबलेले असते आणि गाडी ताब्यात घेण्याचा मुहूर्त टळत असतो. अशा वेळी विक्रेता सांगतो, 'साहेब, एवढी मोठी गाडी घेताय, पंधरा हजारांसाठी कशाला विचार करता?' हा युक्तिवाद प्रभावी ठरतो, कारण आठ-दहा लाखांच्या शेजारी पंधरा हजार खरोखरच लहान दिसतात. मात्र या पंधरा हजारांची तुलना गाडीच्या किमतीशी करायची नसते. ती करायची असते पुढील काही वर्षांत संभवणाऱ्या दुरुस्तीच्या खर्चाशी. निर्णयातील पहिली चूक येथेच होते.

वॉरंटी आणि विमा : दोन वेगळ्या गोष्टी

बोलण्यात 'गॅरंटी' आणि 'वॉरंटी' हे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. कायद्याच्या दृष्टीने मात्र दोहोंत अंतर आहे. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार गॅरंटी म्हणजे दुसऱ्याच्या देण्याबद्दल तिसऱ्याने घेतलेली हमी, म्हणजेच जामीनकी. वॉरंटीचा विचार मालविक्री कायदा, १९३० मध्ये आढळतो. त्यानुसार वॉरंटी ही कराराच्या मुख्य हेतूला पूरक अशी अट असते. ती मोडली तर ग्राहकाला भरपाई मागता येते, पण तेवढ्यावरून माल परत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मारुती उद्योगच्या एका प्रकरणात हेच तत्त्व मोटारीला लावले. वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करण्याचे किंवा बदलून देण्याचे आश्वासन असेल, तर कंपनीची जबाबदारी तेवढीच राहते आणि त्या आधारे संपूर्ण गाडी बदलून मागता येत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. 'वॉरंटी आहे, म्हणजे काही झाले तरी गाडी बदलून मिळेल', ही समजूत त्यामुळे टिकत नाही.

दुसरा गोंधळ विम्याबाबत होतो. अपघात, चोरी, आग, पूर या बाहेरून येणाऱ्या संकटांसाठी विमा असतो. गाडीच्या घडणीत किंवा जोडणीत राहिलेल्या दोषासाठी वॉरंटी असते. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी नेली आणि इंजिनात पाणी शिरले, तर वाढीव वॉरंटीचा काहीही उपयोग होत नाही. साध्या विम्यातूनही ही भरपाई सहसा नाकारली जाते. त्यासाठी 'इंजिन प्रोटेक्शन' हे विम्याचे वेगळे पूरक संरक्षण घ्यावे लागते. उलट, कोणताही धक्का न लागता गिअरबॉक्स निकामी झाला, तर विमा कंपनी हात वर करते आणि तेथे वॉरंटी कामी येते. यापैकी एक घेतले म्हणून दुसऱ्याची उणीव भरून निघत नाही.

मूळ वॉरंटीच लांबली आहे

वाढीव वॉरंटीचा विचार करण्यापूर्वी मूळ वॉरंटी किती आहे, हे पाहिले पाहिजे. गेल्या काही वर्षांत हे चित्र बरेच बदलले आहे. देशात सर्वाधिक गाड्या विकणाऱ्या मारुती सुझुकीची मूळ वॉरंटी पूर्वी २ वर्षे किंवा ४० हजार किलोमीटर होती. जुलै २०२४ मध्ये कंपनीने ती ३ वर्षे किंवा १ लाख किलोमीटर अशी वाढवली. इतर अनेक कंपन्याही ३ वर्षांची वॉरंटी देतात. विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या मुख्य बॅटरीसाठी ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर अशी स्वतंत्र वॉरंटी सर्वसाधारणपणे दिली जाते.

याचा परिणाम काय होतो? पूर्वी वाढीव वॉरंटीतील तिसरे वर्ष ग्राहक पैसे देऊन विकत घेत असे. आता अनेक गाड्यांच्या बाबतीत ते वर्ष विनामूल्य मिळते. वाढीव वॉरंटी प्रत्यक्षात सुरू होते ती चौथ्या वर्षापासून. गाडी घेताना आज भरलेले पैसे तीन वर्षे काहीही काम न करता पडून राहतात. पंधरा हजार रुपये बँकेत ७ टक्के व्याजाने ठेवले, असे धरले तर तीन वर्षांत त्यांचे सुमारे १८ हजार ३७५ रुपये होतात. हीच रक्कम वाहनकर्जात मिसळली, व्याज ९ टक्के आणि मुदत पाच वर्षांची धरली, तर हप्त्यांतून एकूण १८ हजार ६०० रुपयांहून अधिक भरावे लागतात. कागदावरची किंमत पंधरा हजार असली, तरी खिशातून जाणारी रक्कम त्याहून मोठी असते.

'किंवा' या शब्दाचे महत्त्व

वॉरंटीच्या मजकुरात सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत महत्त्वाचा शब्द म्हणजे 'किंवा'. '५ वर्षे किंवा १ लाख ४० हजार किलोमीटर' याचा अर्थ, या दोहोंपैकी जे आधी पूर्ण होईल ते. त्यामुळे एकच योजना दोन ग्राहकांना अगदी वेगळी पडते.

उदाहरणादाखल मूळ वॉरंटी ३ वर्षे किंवा १ लाख किलोमीटर, वाढीव वॉरंटी ५ वर्षे किंवा १ लाख ४० हजार किलोमीटर आणि तिची किंमत १५ हजार रुपये धरू. जळगावातील एक प्राध्यापक घर ते महाविद्यालय, आठवड्याचा बाजार आणि वर्षातून एक-दोन वेळा नाशिक-पुणे एवढाच गाडीचा वापर करतात. वर्षाला सहा हजार किलोमीटर. तिसऱ्या वर्षाअखेर त्यांची गाडी १८ हजार आणि पाचव्या वर्षाअखेर ३० हजार किलोमीटर चाललेली असेल. वाढीव वॉरंटीच्या काळात ती धावेल अवघी १२ हजार किलोमीटर. म्हणजे दर किलोमीटरमागे त्यांनी सव्वा रुपया मोजला.

धुळ्यातील एक व्यापारी मात्र आठवड्यातून तीनदा जळगाव किंवा नाशिक गाठतात, अधूनमधून सुरत किंवा इंदूरलाही जातात. वर्षाला ३० हजार किलोमीटर. तीन वर्षांत त्यांची गाडी ९० हजारांवर पोहोचेल आणि १ लाख ४० हजारांची मर्यादा ४ वर्षे ८ महिन्यांत संपेल. त्यांना वीस महिनेच मिळाले, पण या काळात गाडी ५० हजार किलोमीटर धावली. दर किलोमीटरमागे खर्च पडला ३० पैसे. शिवाय, लाखाच्या पुढचे किलोमीटर हेच गाडीच्या खऱ्या परीक्षेचे असतात.

भाड्याच्या गाडीचे गणित आणखी निराळे. वर्षाला ५० हजार किलोमीटर धावणारी गाडी याच हिशेबाने दोन वर्षांत मूळ वॉरंटी संपवेल आणि पुढील दहा महिन्यांच्या आत वाढीव वॉरंटीही. पिवळ्या पाटीच्या गाड्यांसाठी अनेक योजनांत अटी वेगळ्या असतात, तर काही योजना त्यांना लागूच होत नाहीत. पैसे भरण्यापूर्वी हे लेखी विचारून घेणे आवश्यक ठरते.

याचा अर्थ प्राध्यापकांना धोका नाही, असा मात्र नव्हे. इलेक्ट्रॉनिक भाग, रबरी नळ्या, एसीचे जोड हे किलोमीटरबरोबरच वयानेही थकतात. मे महिन्यात दिवसभर उघड्यावर उभी राहणारी गाडी कमी चालली, म्हणून तिचे भाग कमी तापतात असे होत नाही.

यंत्र केव्हा बिघडते?

अभियांत्रिकीत यंत्राच्या बिघाडांचा आलेख स्नानकुंडाच्या आडव्या छेदासारखा काढला जातो. आरंभी तो उंच असतो, मध्ये सपाट होतो आणि शेवटी पुन्हा चढतो. घडणीतील दोष बहुधा पहिल्या काही महिन्यांत उघड होतात. ते मूळ वॉरंटीत दुरुस्त होतात. त्यानंतर बराच काळ शांततेचा. पुढे झीज सुरू झाली, की बिघाड वाढत जातात. वाढीव वॉरंटीची चौथी-पाचवी वर्षे सर्वसामान्य वापराच्या गाडीत बहुधा या सपाट भागात येतात. जेथून आलेख चढू लागतो, तेथे बहुतेक योजना संपलेल्या असतात. जास्त चालणाऱ्या गाडीत हा चढ लवकर येतो. म्हणूनच तिला वाढीव वॉरंटी अधिक फलदायी ठरते.

गाडीचा प्रकारही पाहिला पाहिजे. साधे पेट्रोल इंजिन आणि हाताने बदलायचे गिअर असलेल्या लहान गाडीत महागडे भाग कमी असतात आणि तिची कामे गावोगावच्या मेकॅनिकना पाठ असतात. टर्बोचार्जर, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, डिझेलचे इंजेक्टर आणि धूर शुद्ध करणारी यंत्रणा, मोठा टचस्क्रीन, सेन्सर आणि कॅमेरे असलेल्या गाडीत एकाच भागाचे बिल वाढीव वॉरंटीच्या किमतीच्या कितीतरी पट होऊ शकते. त्यांतील अनेक भाग दुरुस्त होत नाहीत, ते अख्खेच बदलावे लागतात.

खान्देशचे ऊन आणि वगळलेल्या भागांची यादी

जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. अशा उन्हात एसीचा कॉम्प्रेसर, इंजिन थंड ठेवणारी यंत्रणा, बॅटरी आणि रबरी भाग यांच्यावर येणारा ताण मुंबई-पुण्याच्या तुलनेत अधिक असतो. काळ्या मातीची धूळ एअर फिल्टर लवकर चोंदवते. जळगाव-धुळे महामार्गाच्या फागणे-तरसोद टप्प्याचे चौपदरीकरण कित्येक वर्षे रखडले होते. त्या काळात त्या रस्त्याने नित्य ये-जा करणाऱ्यांना सस्पेन्शनचा खर्च म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना, विशेषतः उन्हाळ्यात भरल्या गाडीने, इंजिन आणि क्लच दोन्हींची कसोटी लागते.

यापैकी वॉरंटी काय भरून देते? एसीचा कॉम्प्रेसर, अल्टरनेटर, इंजिनाचे आणि गिअरबॉक्सचे अंतर्गत भाग, स्टिअरिंगची यंत्रणा, इंजिनाचा संगणक हे सर्वसाधारणपणे वॉरंटीत येतात. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, टायर, वायपर, बल्ब, फिल्टर, पट्टे, तेल, कूलंट हे झिजणारे किंवा संपणारे भाग येत नाहीत. रबरी बुश आणि शॉक अॅब्सॉर्बर यांच्याबाबत योजनेगणिक फरक असतो. साध्या बॅटरीची आणि टायरची वॉरंटी बहुधा त्या-त्या उत्पादकाची, स्वतंत्र असते. थोडक्यात, खान्देशच्या रस्त्यांवर जे वारंवार खराब होते त्यातील बराच भाग यादीबाहेर राहतो आणि क्वचित, पण महाग बिघडणारा भाग यादीत येतो. वाढीव वॉरंटी घ्यायची ती या दुसऱ्या प्रकारासाठी. वार्षिक खर्च कमी होईल, या अपेक्षेने ती घेणाऱ्याच्या पदरी निराशाच येते.

वगळलेल्या गोष्टींत आणखी एक स्थानिक महत्त्वाची बाब आहे, ती उंदरांची. रावेर-यावलच्या केळीच्या बागांजवळ किंवा धान्याच्या गोदामाशेजारी उभ्या राहणाऱ्या गाडीची वायरिंग उंदरांनी कुरतडण्याचे प्रकार सर्रास घडतात. हा घडणीतील दोष नसल्याने वॉरंटीतून त्याची भरपाई मिळत नाही. विम्यातून मिळेल की नाही, हे पॉलिसीच्या अटींवर अवलंबून असते. बाहेरून बसवलेले म्युझिक सिस्टिम, दिवे किंवा गॅस किट यांसाठी मूळ वायरिंग तोडली असेल, तर संबंधित बिघाडाचा दावा फेटाळला जाऊ शकतो. भेसळीचे किंवा चुकीचे इंधन हेही दावा नाकारण्याचे नेहमीचे कारण. २०२५ पर्यंत पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोहोचले असल्याने, आपल्या गाडीला कोणते इंधन मान्य आहे, हे मालकाच्या पुस्तिकेत तपासून घेणे हिताचे.

शंभर ग्राहकांचा हिशेब

वाढीव वॉरंटीचे अर्थशास्त्र समजून घेण्यासाठी शंभर ग्राहकांचा गट डोळ्यांसमोर आणावा. प्रत्येकाने १५ हजार रुपये दिले, तर १५ लाख रुपये जमा होतात. त्यातून १८ टक्के वस्तू व सेवा कर वजा केला, की उरतात सुमारे १२ लाख ७१ हजार. यातून विक्रेत्याचे कमिशन, कार्यालयीन खर्च आणि नफा निघतो. जे उरते, ते दुरुस्तीवर खर्च होते. म्हणजे शंभर जणांना मिळून दिलेल्या रकमेपेक्षा कमीच परत मिळते. योजना चालू राहण्यासाठी असे असणे भागच आहे.

एका ग्राहकाच्या बाजूने पाहिले, तर प्रश्न असा होतो. ज्या बिघाडासाठी आपण हे संरक्षण घेतो त्याचे बिल ६० हजारांचे येईल, असे मानले, तर १५ हजार वसूल होण्यासाठी तसा बिघाड दर चार गाड्यांपैकी एकीत व्हायला हवा. आपल्या गाडीची ख्याती तशी आहे का? असेल, तर वॉरंटी घ्यावी. त्याहीपेक्षा, दुसरी गाडी का घेऊ नये, याचाही विचार करावा. अमेरिकेतील 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहकहितैषी संस्थेने २०१३ मध्ये केलेल्या पाहणीत वाढीव वॉरंटी घेतलेल्यांपैकी ५५ टक्के मोटारमालकांनी तिचा दुरुस्तीसाठी एकदाही वापर केला नसल्याचे आढळले होते. तेथील किमती आणि रस्ते वेगळे असले, तरी कल लक्षात घेण्यासारखा आहे.

मात्र या हिशेबाला दुसरी बाजूही आहे. कंपनीला सुटा भाग उत्पादनखर्चात पडतो, ग्राहकाला तो छापील किमतीत घ्यावा लागतो. ग्राहकाचे ६० हजार वाचवताना कंपनीचे तेवढे खर्च होत नाहीत. त्यामुळे उत्पादक कंपनीची स्वतःची योजना दोघांनाही परवडण्याजोगी असू शकते. शिवाय, सरासरीचे गणित शंभर जणांसाठी असते. एखाद्या पगारदार कुटुंबावर मुलांच्या फीच्या महिन्यात अचानक साठ हजारांचे बिल कोसळले, तर 'सरासरीने तुमचा फायदाच झाला' हे सांत्वन कामाचे नसते. जो खर्च सोसता येतो त्यासाठी संरक्षण विकत घेऊ नये, जो सोसता येत नाही त्यासाठी अवश्य घ्यावे, हे विम्याचे जुने सूत्र येथेही लागू पडते.

नाव कोणाचे, जबाबदारी कोणाची?

वाढीव वॉरंटी तीन प्रकारे विकली जाते. एक उत्पादक कंपनीची, दुसरी विक्रेत्याने स्वतःच्या नावावर दिलेली आणि तिसरी एखाद्या त्रयस्थ संस्थेची. शोरूमच्या टेबलावर तिन्ही सारख्याच दिसतात. दावा करण्याची वेळ आली, की फरक कळतो.

गोव्यातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये दिलेला निकाल या दृष्टीने बोधक आहे. विक्रेत्याने नव्या गाडीच्या नावाखाली जुने मॉडेल गळ्यात मारल्याची त्या ग्राहकाची तक्रार होती. राज्य आणि राष्ट्रीय आयोगाने विक्रेत्यासोबत टाटा मोटर्सलाही जबाबदार धरले होते. सर्वोच्च न्यायालयाने कंपनीवरील जबाबदारी रद्द केली. कंपनी आणि विक्रेता यांच्यातील संबंध दोन स्वतंत्र व्यावसायिकांचे असून, विक्रेत्याच्या गैरवर्तनाची माहिती कंपनीला होती असे सिद्ध झाल्याशिवाय तिला त्यासाठी जबाबदार धरता येत नाही, असा त्याचा गाभा. शोरूमवर मोठ्या कंपनीची पाटी असली, तरी प्रत्येक आश्वासनामागे ती कंपनी उभी असतेच असे नाही, हा धडा वाढीव वॉरंटीलाही लागू होतो.

म्हणून पैसे दिल्यानंतर विक्रेत्याच्या पावतीवर समाधान मानू नये. कंपनीच्या नावाचे प्रमाणपत्र, त्यावरील क्रमांक, चेसिस क्रमांक आणि आरंभ-समाप्तीच्या तारखा पाहाव्यात. कंपनीच्या नोंदीत ती दिसते का, हे दुसऱ्या शहरातील अधिकृत सेवा केंद्रात किंवा कंपनीच्या मदतवाहिनीवर विचारून घ्यावे. गाडी जळगावची आणि बिघाड इंदूरजवळ, असे घडू शकते. देशभर चालणारी वॉरंटी आणि एकाच शोरूमपुरती वॉरंटी यांच्या किमतीत नव्हे, मूल्यात मोठा फरक आहे.

बाहेर दुरुस्ती केली तर?

धुळ्यात महामार्गालगत आणि जळगावात अजिंठा चौफुलीच्या बाजूला अनेक कुशल मेकॅनिक आहेत. 'बाहेर हात लावला, की वॉरंटी संपली', हे वाक्य मात्र प्रत्येक मालकाने ऐकलेले असते. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात १४ मोटार कंपन्यांना सुटे भाग आणि दुरुस्तीच्या बाजारातील वर्तनाबद्दल सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड केला. बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केले, एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट लादू नये, बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारावी, असेही आयोगाने बजावले. हा वाद पुढे वरिष्ठ न्यायासनांपुढे गेला. आयोगाचे म्हणणे काहीही असले, तरी प्रत्यक्षात नियमित सर्व्हिसिंगची तारीख चुकवणाऱ्या ग्राहकाचा दावा कमकुवत होतो. वाढीव वॉरंटी घेणे म्हणजे पुढील दोन वर्षे अधिकृत केंद्रातच सर्व्हिसिंग करण्याचा अलिखित करार असतो. त्या सर्व्हिसिंगचा आणि बाहेरच्या गॅरेजचा वार्षिक खर्चातील फरक हाही वॉरंटीच्या किमतीतच धरला पाहिजे.

एक खर्च मात्र वॉरंटीशिवायही वाचतो. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार १ एप्रिल २०२१ पासून देशात सदोष वाहने परत बोलावण्याचे नियम लागू आहेत. सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांना ते लागू होतात. असा दोष वॉरंटी संपली असली तरी विनामूल्य दुरुस्त होतो. वर्षातून एकदा चेसिस क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर तपासणे एवढेच त्यासाठी पुरे.

दावा नाकारला तर

अधिकृत केंद्राने दावा नाकारला, तर कारण लेखी मागावे. 'साहेब, हे वॉरंटीत बसत नाही' या तोंडी उत्तराला पुढे काही अर्थ उरत नाही. जॉब कार्ड, सर्व्हिसिंगची बिले आणि खराब झालेल्या भागाची छायाचित्रे जपावीत. राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक १९१५ असून अनेक तक्रारी तेथेच मिटतात. त्यापुढील मार्ग जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा. जळगाव आणि धुळे या दोन्ही ठिकाणी तो आहे. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने एक मोठी सोय केली. ग्राहकाला तो जेथे राहतो किंवा काम करतो तेथेही तक्रार करता येते. पुण्यात मुलाने घेऊन दिलेल्या किंवा सुरतेहून आणलेल्या गाडीसाठी त्या शहराच्या चकरा माराव्या लागत नाहीत. मोबदला ५० लाखांपर्यंत असल्यास तक्रार जिल्हा आयोगात जाते. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, पाच ते दहा लाखांसाठी २०० रुपये, दहा ते वीस लाखांसाठी ४०० रुपये आणि त्यापुढे एक हजार रुपये. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. यांत्रिक दोषाच्या प्रकरणात तज्ज्ञांचा अहवाल बहुधा निर्णायक ठरतो, म्हणून सदोष भाग फेकून देण्याची घाई करू नये.

निर्णय कसा घ्यावा?

सर्वांत उपयुक्त गोष्ट शोरूममध्ये क्वचितच सांगितली जाते, ती ही की, अनेक कंपन्यांत वाढीव वॉरंटी मूळ वॉरंटी संपण्यापूर्वी केव्हाही घेता येते. उशिरा घेतल्यास किंमत काहीशी वाढते. पण त्या बदल्यात ग्राहकाला दोन-अडीच वर्षांचा अनुभव मिळतो. गाडी किती चालते, तिचे कोणते भाग कुरकुरतात, त्या मॉडेलबद्दल इतर मालक काय म्हणतात, आपण ती पाच वर्षे ठेवणार की तीन वर्षांत विकणार, हे सारे तोवर स्पष्ट झालेले असते. मुहूर्ताच्या दिवशी 'आज नको, मूळ वॉरंटी संपण्यापूर्वी पाहू. तेव्हाची किंमत आणि शेवटची तारीख लिहून द्या', एवढे म्हणण्याचा अधिकार प्रत्येक ग्राहकाला आहे.

वर्षाला वीस हजार किलोमीटरपेक्षा अधिक चालणारी, ऑटोमॅटिक, टर्बो किंवा इलेक्ट्रॉनिक भागांनी भरलेली गाडी पाच-सहा वर्षे ठेवायची असेल, तर कंपनीची वाढीव वॉरंटी घेणे शहाणपणाचे. मोठे बिल अचानक सोसणे ज्यांना अवघड आहे त्यांनीही ती घ्यावी. गाडी तीन-चार वर्षांत विकायची असेल, तर वॉरंटी नव्या मालकाच्या नावे होते का, हे पाहावे. होत असेल, तर पुनर्विक्रीत तिचा फायदा होतो. जुन्या गाड्यांच्या बाजारात खरेदीदाराला दोष दिसत नाहीत आणि विक्रेत्याला ते ठाऊक असतात. या विषमतेवर अर्थतज्ज्ञ जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये लिहिलेला लेख गाजला आणि २००१ चे नोबेल पारितोषिक त्यांना इतर दोघांसह मिळाले. हमी हा त्या अविश्वासावरचा एक उतारा आहे, असे त्यांनीही नमूद केले होते.

याउलट साधी पेट्रोल गाडी, वर्षाला सात-आठ हजार किलोमीटरचा वापर, घरात बाजूला ठेवलेली चार पैशांची पुंजी आणि विश्वासू मेकॅनिक असेल, तर वाढीव वॉरंटीचे पंधरा हजार वेगळ्या ठेवीत टाकणे अधिक बरे. त्रयस्थ संस्थेच्या किंवा केवळ विक्रेत्याच्या नावावरील योजना कितीही स्वस्त असली, तरी तिच्यापासून चार हात दूर राहणेच योग्य. दहा वर्षे जुन्या गाडीवर महागडी योजना घेणे तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ठरते.

वाढीव वॉरंटीने गाडी कमी बिघडत नाही. वेळेवर बदललेले तेल, योग्य पातळीचे कूलंट, उन्हात सावली आणि घाटात संयम यांनी ती कमी बिघडते. वॉरंटी फक्त बिघाडाचे बिल कोण भरणार, एवढेच ठरवते. ते आपल्याला भरता येण्याजोगे आहे का, हे पेढे वाटण्यापूर्वी शांतपणे ठरवले, तर शेवटच्या ओळीपुढे काय लिहायचे याचे उत्तर प्रत्येक घराला आपले आपण सापडते.